न घेतलेल्या कर्जाचा डाग
विशेष प्रतिनिधी, देवळाली कॅम्प

छावणीच्या गावात माणसे येतात आणि बदलीचा हुकूम आला की जातात. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत किंवा नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात आलेला जवान येथे बँक खाते उघडतो, मोटारसायकलीसाठी कर्ज काढतो, जमल्यास क्रेडिट कार्डही घेतो. काही वर्षांनी बिऱ्हाड दुसऱ्या छावणीत हलते. मागे उरतो तो जुना पत्ता आणि अनेकदा बंद पडलेला मोबाईल क्रमांक. त्या पत्त्यावर एखादे किरकोळ शुल्काचे बिल येत राहते, त्यावर दंड आणि व्याज चढत जाते आणि ज्याच्या नावे हे सारे घडत आहे त्याला त्याची गंधवार्ताही नसते. पुढे घरकर्जाचा अर्ज फेटाळला जातो, तेव्हा कळते की आपण ‘थकबाकीदार’ आहोत.

ही अडचण केवळ लष्करी कुटुंबांची नाही. नोकरीसाठी शहरे बदलणारा संगणक अभियंता, लग्नानंतर नाव बदललेली गृहिणी, नागरी सहकारी बँकेत मित्राला जामीन राहिलेला शिक्षक, पॅन कार्डाची छायाप्रत दुकानात देऊन विसरलेला ज्येष्ठ नागरिक, अशा कोणाच्याही पतअहवालात अनपेक्षित कर्ज उगवू शकते. ते आपले नाही हे सिद्ध करणे मात्र ज्याच्यावर आळ आला त्याच्याच गळ्यात पडते. गेल्या काही वर्षांत रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले आहेत. तरीही या व्यवस्थेतील मूळ दोष कायम आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय ग्राहकाला आपल्या हक्कांचा नीट वापर करता येणार नाही.

खाते लिहिणारा कोण?

देशातील पहिली पतमाहिती कंपनी, म्हणजे ‘सिबिल’, २००० साली स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या या क्षेत्रात आहेत. कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने या चारही कंपन्यांचे सभासद व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये दिला. त्यामुळे एका बँकेने पाठविलेली चुकीची नोंद एका ठिकाणी न राहता चारही वह्यांत उमटू शकते.

३०० ते ९०० या दरम्यानचा पतगुणांक सर्वांना ठाऊक असतो. बँका साधारणपणे ७५० च्या वरचा आकडा चांगला मानतात. परंतु गुणांक हा केवळ सारांश होय. खरा मजकूर त्यामागच्या अहवालात असतो. कोणत्या संस्थेचे कोणते खाते आपल्या नावावर आहे, ते स्वतःचे आहे की जामीनदार म्हणून, प्रत्येक महिन्यात हप्ता किती दिवस थकला आणि आपल्याविषयी कोणी चौकशी केली, याची नोंद तेथे असते. ही माहिती किमान सात वर्षे जपली जाते.

या माहितीचा एक शब्दही पतमाहिती कंपनी स्वतः निर्माण करीत नाही. बँका व वित्तसंस्था पाठवितात तेच ती नोंदविते. ग्राहकाने हरकत घेतली, की कंपनी ती हरकत त्याच बँकेकडे पाठविते. बँकेने ‘नोंद बरोबर आहे’ असे कळविले, तर नोंद कायम राहते. म्हणजे ज्याच्या वहीविषयी तक्रार आहे, त्याच्याकडेच पहिला निवाडा जातो. वादाचे मूळ येथे आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्या उठावाचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर होता, कारण खतात काय लिहिले आहे हे ऋणकोला वाचता येत नव्हते आणि नाकारताही येत नव्हते. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खतावरील आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला. ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूदही केली. वही सावकाराची असली तरी ती पाहण्याचा व तिच्यावर आक्षेप घेण्याचा हक्क ऋणकोला असावा, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. आजचा पतअहवाल ही त्याच वहीची संगणकीय आवृत्ती होय.

दोन हजारांचे कर्ज

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत राहणारी अभिनेत्री सनी लिओनी हिने जाहीर केले, की आपला पॅन क्रमांक वापरून कोणीतरी अवघ्या दोन हजार रुपयांचे कर्ज उचलले आणि त्याचा फटका आपल्या सिबिल गुणांकाला बसला. ‘धनी’ या अ‍ॅपवरील कर्जांसंबंधी त्याच सुमारास अनेकांनी समाजमाध्यमांवर तशाच तक्रारी मांडल्या होत्या. आपण कधी न घेतलेले कर्ज अहवालात थकीत दिसत असल्याचे त्यांचे म्हणणे होते. लिओनीच्या प्रकरणाची थोड्याच अवधीत दखल घेतली गेली आणि दुरुस्ती झाल्याबद्दल तिने आभारही मानले.

रक्कम किती क्षुल्लक होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पतअहवालात कर्ज किती मोठे यापेक्षा ते किती दिवस थकले, याला अधिक किंमत असते. दुसरे असे, की चित्रपट अभिनेत्रीच्या एका जाहीर वाक्याने जे घडले, ते भगूरच्या किंवा लॅम रोडवरच्या सामान्य खातेदाराच्या वाट्याला येईलच असे नाही. त्याला कागदाचाच आधार घ्यावा लागतो.

ओळख चोरून घेतलेले कर्ज हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक सर्रास आढळतो. त्यात फसवणूक करणारा कोणी त्रयस्थ नसतो, तर संस्थेचीच वही चुकलेली असते. दिल्लीतील एका निवृत्त पत्रकाराने मुदत संपलेले क्रेडिट कार्ड पुढे चालू ठेवले नव्हते. तरीही त्यावर शुल्क आकारले गेले आणि त्याचे नाव थकबाकीदारांच्या नोंदीत गेले. दुसऱ्या बँकेकडे केलेला कार्डासाठीचा अर्ज नाकारला गेला. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेल्यावर २०२३ मध्ये आयोगाने एसबीआय कार्ड्सला दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मूळ वाद मोजक्या शुल्काचा होता. भरपाई मिळाली ती प्रामुख्याने पत गेल्याची.

ही एकदोन संस्थांपुरती गोष्ट नाही. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही पतमाहिती कंपन्यांना दंड ठोठावला. सिबिलला २६ लाख, क्रिफ हाय मार्कला २५ लाख ७५ हजार, एक्स्पिरियनला २४ लाख ७५ हजार आणि इक्विफॅक्सला २४ लाख २५ हजार रुपये, असा तो एकूण एक कोटीच्या थोडा वर गेला. माहिती अचूक व परिपूर्ण ठेवण्यासंबंधीच्या तरतुदींचे पालन न होणे, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. नियामकानेच ही त्रुटी नोंदविल्यानंतर ‘संगणकात आहे म्हणजे बरोबरच असणार’ हे काउंटरवरचे उत्तर टिकणारे नाही.

दिवसाला शंभर रुपये

कायद्याच्या कलम २१ नुसार कोणालाही आपली पतमाहिती पाहण्याचा आणि चुकीची असल्यास ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. परंतु मुदत मोडल्यास काय, याचे उत्तर दीर्घकाळ नव्हते. ते २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने मिळाले आणि २६ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. बँकेने एकवीस दिवसांच्या आत दुरुस्त माहिती पाठविली नाही, तर भार बँकेवर पडतो. बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने विलंब केला, तर तो कंपनीवर पडतो.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकाने आणखी काही गोष्टी बंधनकारक केल्या. थकबाकीची नोंद पाठविताना बँकेने ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेलने कळविले पाहिजे. कोणी आपला अहवाल मागविला, तर त्याचीही सूचना मिळाली पाहिजे. तक्रार फेटाळल्यास कारण दिले पाहिजे. पुढे १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवावी, असे ठरले. त्यामुळे चूक जितक्या वेगाने नोंदली जाते तितक्याच वेगाने ती पुसलीही जाऊ शकते, असे मानायला जागा आहे.

तथापि या तरतुदींच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. शंभर रुपयांचा दंड विलंबाला आहे, चुकीला नाही. बँकेने दहाव्या दिवशी ‘नोंद योग्य आहे’ असे चुकीचे उत्तर दिले, तर मुदत पाळली गेली असे होते आणि भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. गुणांक कसा काढला, याविषयीचे वाद या भरपाईतून वगळले आहेत. कायद्याच्या कलम १८ मध्ये तडजोड व लवादाचा वेगळा मार्ग दिला असल्याने त्या कक्षेतील वादही वगळलेले आहेत.

शिवाय हिशेब पाहावा. तक्रार पंच्याहत्तराव्या दिवशी मिटली, तर पंचेचाळीस दिवसांचे ४,५०० रुपये मिळतील. याउलट डागाळलेल्या गुणांकामुळे तीस लाखांच्या घरकर्जाला वीस वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्के दर लागला, तर मासिक हप्ता सुमारे ९५७ रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत ही वाढ जवळपास दोन लाख तीस हजारांवर जाते. कर्ज नाकारले गेले आणि घराची विसार रक्कम बुडाली, तर नुकसान त्याहून वेगळे.

हानी कर्जापुरतीही राहिलेली नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका उमेदवाराच्या प्रतिकूल पतइतिहासामुळे स्टेट बँकेने रद्द केलेली नियुक्ती वैध ठरविली. त्या प्रकरणातील थकबाकी खरी होती आणि भरतीच्या जाहिरातीत तशी अटही होती, हे खरे. परंतु नोकरीचे दार पतअहवालावर अवलंबून राहू शकते, हे त्यातून अधोरेखित झाले. मग अहवालात दुसऱ्याचेच कर्ज असेल तर काय, हा प्रश्न बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येक तरुणाचा आहे. आपल्या राज्यात मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला होता. शेतकऱ्यापुरता हा आकडा बाजूला ठेवावा असे सरकारला वाटते. शहरी पगारदाराला मात्र तशी कोणतीही ढाल नाही.

‘सेटलमेंट’चा सापळा

अनपेक्षित थकबाकी समोर आली, की पहिला दबाव येतो तो ‘भरून टाका आणि मोकळे व्हा’ असा. वसुलीसाठी फोन करणारा अर्ध्या रकमेत मिटविण्याची तयारी दाखवितो. रक्कम चार-पाच हजारांची असली तर कटकट नको म्हणून अनेकजण पैसे भरतात. हा सौदा महागात पडतो. पूर्ण रकमेपेक्षा कमी भरून मिटविलेले खाते अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढची बँक त्याचा अर्थ ‘याने पूर्ण फेडले नाही’ असाच लावते. शिवाय जे कर्ज आपले नाही ते फेडले, की ते आपण मान्य केले असा युक्तिवाद करायला समोरच्याला जागा मिळते. नाइलाजाने भरावेच लागले, तर वाद कायम ठेवून भरत असल्याचे लेखी कळविणे आवश्यक आहे.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ग्राहकाची बाजू अधिक भक्कम आहे. एप्रिल २०२२ मध्ये जारी झालेल्या आणि त्याच वर्षी जुलैपासून लागू झालेल्या निर्देशांनुसार न मागितलेले कार्ड देण्यास मनाई आहे. असे कार्ड देऊन बिल आकारले, तर ते मागे घ्यावे लागते आणि त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. थकबाकीदार म्हणून नोंद पाठविण्यापूर्वी सात दिवसांची सूचना देणेही अपेक्षित आहे. व्यवहाराविषयी वाद प्रलंबित असल्यास नोंद पाठविताना विशेष दक्षता घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे.

कागद कसा लढवावा?

पहिली पायरी म्हणजे चारही कंपन्यांचा अहवाल मागविणे. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अहवालातील ‘चौकशी’ हा भाग आवर्जून पाहावा. आपण कधीही अर्ज न केलेल्या संस्थेचे नाव तेथे दिसले, तर तो पुढे येणाऱ्या बनावट कर्जाचा इशारा असू शकतो.

दुसरी पायरी दुहेरी आहे. पतमाहिती कंपनीकडे अहवालाचा कंटrोल नंबर देऊन हरकत नोंदवावी आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लेखी पत्र द्यावे. तोंडी तक्रारीला मुदत लागू करता येत नाही. तक्रारीचा क्रमांक व तारीख जपून ठेवावी, कारण तीस दिवसांची मोजणी तेथून सुरू होते.

पत्रात ‘हे कर्ज माझे नाही’ एवढेच लिहून थांबू नये. मूळ अर्ज, करारनामा, ओळखीसाठी घेतलेली कागदपत्रे आणि छायाचित्र यांच्या प्रती मागाव्यात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की कर्जाची रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली? डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यातच जमा झाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२२ पासूनचा दंडक आहे. ते खाते आपले नसेल, तर कर्ज आपले असल्याचा दावा संस्थेला सिद्ध करता येणे अवघड आहे. एकोणिसाव्या शतकात न्यायालयाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार द्यावा लागला. आज ग्राहकाला आकड्याच्या मागे जाण्याचा मार्ग या एका प्रश्नातून खुला होतो.

ओळख चोरल्याचा संशय असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. दुसऱ्याच्या ओळखीचा असा गैरवापर हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क नव्हे, तर ६६सी खालील गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस तक्रारीची प्रत बँकेला दिली, की नोंद बरोबर असल्याचे ठोकळेबाज उत्तर देणे तिला जड जाते.

तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पूर्वी लोकपालाची कक्षा पतमाहिती कंपन्यांपर्यंत पोहोचत नव्हती. १ सप्टेंबर २०२२ पासून त्याही त्याखाली आल्या. त्यानंतर कंपन्यांनी स्वतःचा अंतर्गत लोकपाल नेमावा, असेही बंधन आले. ग्राहक आयोगाचा मार्ग याखेरीज खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते. कर्ज जम्मूच्या शाखेचे आणि माणूस देवळालीत, अशी स्थिती असली तरी नाशिकच्या जिल्हा आयोगाचे दार ठोठावता येते. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांसाठी ही तरतूद मोलाची आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार दाखल व्हायला हवी.

पुरावा कोणी द्यावा?

या साऱ्या पायऱ्या चढायला चिकाटी लागते आणि सीमेवर असलेल्या जवानाकडे किंवा पाळीत काम करणाऱ्या कामगाराकडे त्यासाठी सवड नसते. म्हणून केवळ ‘ग्राहकांनी जागरूक राहावे’ असे सांगून हा विषय संपत नाही. देवळालीच्या ब्रिटिशकालीन छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी महिनोन्‌महिने ताटकळणाऱ्या सैनिकांमुळे या गावाचे नाव इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणून गेले आणि वेडसरपणाला प्रतिशब्द बनले. अनिश्चित प्रतीक्षा माणसाचे काय करते, हे या गावाला वेगळे सांगायला नको.

विलंबावर दंड बसवून रिझर्व्ह बँकेने निम्मे काम केले आहे. उरलेले निम्मे काम पुराव्याचे आहे. ग्राहकाने कर्ज नाकारल्यास बँकेने केवळ ‘नोंद योग्य’ असे न कळविता करारनामा आणि रक्कम जमा झाल्याचा दाखला पतमाहिती कंपनीपुढे ठेवला पाहिजे. तो ठरावीक मुदतीत ठेवता आला नाही, तर नोंद आपोआप निघाली पाहिजे. चुकीची नोंद कायम राखल्याबद्दल वेगळी आणि नुकसानीशी प्रमाणशीर भरपाईही असली पाहिजे. कर्ज देताना बँक ग्राहकाकडून डझनभर कागदांवर सह्या घेते. त्याला थकबाकीदार ठरविताना त्यांतील एक कागद दाखविण्याची सक्ती बँकेवर असावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.